आरांचिनी: भाताचा गोळा तळणीत फुटू नये म्हणून

आरांचिनी म्हणजे सारण आणि चीज पोटात घालून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला भाताचा गोळा. तो कढईत फुटला की सगळे आधी तेलाला बोल लावतात. तेल जास्त तापलं, कमी तापलं, चुरा नीट बसला नाही. बहुतेक वेळा घोटाळा आदल्या संध्याकाळीच झालेला असतो. भात ओलसर असतानाच उतरवला, सारणाचा रस पुरता आटला नाही, चीज पाण्यातून काढून तसंच भरलं. गोळ्याच्या पोटात राहिलेलं हे पाणी १७५ अंशांच्या तेलात गेलं की त्याची वाफ होते आणि वाफ बाहेर पडायला वाट शोधते. म्हणून आमच्याकडे ही खेप दोन दिवसांची असते: पहिल्या दिवशी सारण आणि भात, दुसऱ्या दिवशी वळणं आणि तळणं. एका दिवसात उरकायचंच झालं तर सकाळी ७ वाजता कामाला लागावं, म्हणजे रात्रीच्या जेवणाला गोळे ताटात येतात.

पदार्थ इटलीतल्या सिसिली बेटाचा. बेटाच्या पश्चिमेला, पालेर्मोत, तो स्त्रीलिंगी आहे: एक आरांचिना, अनेक आरांचिने. 'आरांचा' म्हणजे संत्रं, आणि तिथला गोळा दिसतोही संत्र्यासारखाच, गोल आणि पिवळसर तांबूस. पूर्वेला कातानियात तोच पुल्लिंगी होतो, आरांचिनो आणि आरांचिनी, आणि त्याला वर शेंडा काढतात, मागे उभ्या असलेल्या एत्ना ज्वालामुखीसारखा. हा वाद इतका जुना आणि कडवा की २०१६ मध्ये इटालियन भाषेच्या 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का' या संस्थेने त्यावर सविस्तर मत दिलं. दोन्ही रूपं चालतील, पण इटालियनमध्ये फळांची नावं सहसा स्त्रीलिंगी असतात, त्यामुळे व्याकरण पालेर्मोच्या बाजूने झुकतं, असा त्याचा मथितार्थ. कातानियातल्या पाट्यांवर अजूनही 'आरांचिनी'च लिहिलेलं असतं. आम्ही नाव कातानियाचं घेतो आणि आकार पालेर्मोचा, कारण शेंडा तळताना आधी काळा पडतो.

खालची मापं १२ गोळ्यांची आहेत. प्रत्येक गोळा सुमारे १५० ग्रॅमचा. सिसिलीतल्या दुकानांत याहून मोठे मिळतात, पण घरच्या भांड्यात तेवढा गोळा पुरता बुडत नाही.

सुरुवात सारणापासून करावी, कारण गार व्हायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. मूळ सारण म्हणजे राग्गू, मांसाचं आटवलेलं कालवण. सिसिलीत त्यात डुकराचं आणि गोमांसाचं मांस निम्मं-निम्मं असतं; नुसतं डुकराचंही चालतं. इथे मटणाचा खिमा उत्तम लागतो. चिकन घ्यायचं तर मांडीच्या मांसाचा खिमा करून घ्यावा, छातीचा भुसभुशीत होतो आणि गार झाल्यावर बांधून येत नाही. खिमा २०० ग्रॅम, कांदा ६० ग्रॅम, गाजर आणि सेलरी प्रत्येकी ४० ग्रॅम अगदी बारीक चिरून, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, रेड वाइन ५० मिली, टोमॅटोची घट्ट पेस्ट २ मोठे चमचे, टोमॅटोचा गाळलेला गर २०० ग्रॅम, मटार ८० ग्रॅम, एक तमालपत्र, मीठ, मिरी. ही पेस्ट सिसिलीत 'स्ट्रात्तू' या नावाने घरोघरी करत असत: ऐन उन्हाळ्यात टोमॅटोचा गर लाकडी फळ्यांवर पसरून, दिवसभर उलथत, विटेसारखा लाल आणि मातीसारखा घट्ट होईपर्यंत वाळवायचा. आपल्याकडच्या वाळवणांचीच ही बहीण. बाजारची दुप्पट आटवलेली पेस्ट त्या जागी चालते. टोमॅटो सॉस चालत नाही, त्यात साखर आणि व्हिनेगर असतं.

कांदा, गाजर, सेलरी मंद आचेवर १० मिनिटं परतावं, रंग येऊ देऊ नये. मग आच वाढवून खिमा घालावा आणि पहिली ३-४ मिनिटं त्याला हात लावू नये. खिम्यातून आधी पाणी सुटतं, भांड्यात रटरट आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बदलून चरचर सुरू होते. ती ऐकू आल्यावरच खिमा तांबूस होतो. त्याआधी ढवळत राहिलं तर तो नुसता उकडला जातो. आता वाइन घालून तिचा आंबूस वास जाईपर्यंत आटवावी, पेस्ट घालून २ मिनिटं परतावी, मग गर, तमालपत्र आणि अर्धी वाटी पाणी. झाकण अर्धवट ठेवून अगदी मंद आचेवर सव्वा ते दीड तास. मटार शेवटच्या १० मिनिटांत.

कालवण झालं हे चवीवरून कळत नाही, कळतं ते भांड्याच्या तळावरून. उलथन्याने मधोमध रेघ ओढावी. दोन्ही काठ ५ सेकंद एकमेकांना न मिळता उभे राहिले तर झालं. वजनकाटा असेल तर अजून सोपं: एवढ्या सामानाचं सारण ४०० ग्रॅमच्या आसपास उतरतं. काटा ५०० दाखवत असेल तर वरचे १०० ग्रॅम पाणीच आहे, पुन्हा गॅसवर ठेवा. पोळीशी खायला हे कालवण कोरडं वाटेल, पण इथे तसंच हवं. ताटलीत पसरून गार करून झाकून फ्रीजमध्ये ठेवावं. मांसातलं जिलेटिन आणि चरबी रात्रभरात घट्ट होते आणि सकाळी चमच्याने वड्या उचलाव्यात तसं सारण उचलता येतं.

आता तांदूळ, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. कृतींमध्ये बहुतेक ठिकाणी आर्बोरियो किंवा कार्नारोली या इटालियन जाती लिहिलेल्या असतात. कार्नारोलीची ख्याती अशी की रिसोत्तोमध्ये, म्हणजे इटलीच्या मऊ ओलसर भातात, त्याचा दाणा शिजूनही आत कणी धरून राहतो. आरांचिनीत त्या गुणाचे पैसे वाया जातात. इथे दाण्याने दाण्याला धरायला हवं, म्हणून आखूड, जाड, चिकट तांदूळ हवा. इटलीत रोमा किंवा ओरिजिनारिओ या तुलनेने स्वस्त जाती त्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याने आयात केलेल्या पुड्यासाठी धावू नये. मावळातला इंद्रायणी या कामाला अगदी चपखल बसतो. आंबेमोहोरही चिकटतो, पण त्याचा स्वतःचा सुवास आणि केशर यांचं एकमेकांशी पटत नाही. एरवी पुलावासाठी आपण जुना तांदूळ शोधत फिरतो. इथे उलट, नवा तांदूळ मागून घ्यावा.

कारण स्टार्चमध्ये आहे. तांदळात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकारचे स्टार्च असतात. बासमतीसारख्या मोकळ्या होणाऱ्या तांदळात अमायलोजचं प्रमाण जास्त, चिकट तांदळात कमी. शिजताना दाण्याबाहेर आलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो. शिळा भात कडक होतो तो याचमुळे, आणि गोळ्याचं कवच उभं राहतं तेही याचमुळे. बासमती किंवा कोलमचा गोळा हातात वळला गेल्यासारखा वाटतो, पण पिठात बुडवताक्षणी विरघळतो. मग लोक त्यात अंडं घालतात, उकडलेला बटाटा कुस्करतात. त्याने गोळा टिकतो, पण खाताना तो कटलेट लागतो.

५०० ग्रॅम तांदूळ. आर्बोरियो असेल तर धुवायचाच नाही. इंद्रायणी सुटा आणलेला असेल तर एकदाच पाण्यातून काढायचा, चोळायचा नाही; पाणी नितळ होईपर्यंत धुतलं तर हवा असलेला स्टार्च मोरीत जातो. पाणी आर्बोरियोला १.२ लिटर, नव्या इंद्रायणीला १ लिटर, आणि शेजारी १०० मिली उकळतं पाणी राखून ठेवावं. पाण्यात ८ ग्रॅम मीठ. उकळी फुटल्यावर तांदूळ घालून एकदाच ढवळावं, आच मंद करून झाकण ठेवावं. १४-१५ मिनिटांत पाणी आत ओढलं जातं. दाणा दाताखाली अगदी किंचित कणीचा हवा, पण मधे पांढरा खडा नको. पाणी संपूनही दाणा कच्चा असेल तर राखलेलं पाणी दोन-दोन चमचे घालावं. उलटं झालं, म्हणजे दाणा शिजला आणि पाणी उरलं, तर गाळू नये. झाकण काढून मंद आचेवर हलवत आटवावं. गाळलेल्या पाण्याबरोबर चिकटपणाही जातो. कुकरला मात्र हात लावू नये. शिट्टीखाली दाणे फुटतात आणि वाफेचं पाणी परत भातातच जिरतं.

केशर आधीच तयार ठेवावं: साधारण ०.१५ ग्रॅम, म्हणजे १ ग्रॅमच्या डबीचा सातवा भाग. चिमूटभर मिठाबरोबर खलात बारीक करून ३ मोठे चमचे गरम पाण्यात २० मिनिटं. आख्ख्या काड्या भातात टाकल्या तर ठिपके पडतात, भात पिवळा होत नाही. हळद घालून रंग आणता येतो, पण जिभेला लगेच साधी पिवळी खिचडी आठवते. भात गॅसवरून उतरवला की केशराचं पाणी, ३० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम किसलेलं जुनं चीज घालून दोन मिनिटं जोरात ढवळावं. सिसिलीत जुनं काचोकाव्हाल्लो किंवा पेकोरिनो घालतात, इथे पार्मेझान सहज मिळतं. कडक शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: यातली बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचक रसाने, विरजलेली असतात आणि अस्सल पार्मिज्यानो तर असतंच. वेष्टनावर सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलेलं पाहून घ्यावं.

भात लगेच मोठ्या परातीत २ सेंटिमीटर जाडीत पसरावा. पहिली १० मिनिटं उघडा, वाफ निघून जाऊ द्यावी. मग पातळ प्लास्टिक थेट भातावर टेकवून झाकावा, नाहीतर वरच्या दाण्यांची कडक पापडी होते आणि वळताना ती भेगांच्या रूपाने परत भेटते. तासाभरात कोमट झाला की परात फ्रीजमध्ये. ओट्यावर रात्रभर ठेवायचा मोह टाळावा. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. उबेत ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं उलटीचं विष नंतर तळूनही जात नाही. त्यातून पोटात मांसाचं सारण जायचं आहे.

इथवर पहिला दिवस. सकाळी भात काढल्यावर एक चमचा मुठीत दाबून पाहावा. बोटांचे ठसे उमटून तसेच राहिले तर उत्तम. बोटांना लिबलिबीत थर लागत असेल तर भात ओला आहे. परात पुन्हा उघडी करून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी, फ्रीजची कोरडी हवा बरंच पाणी ओढते. तेवढा वेळ नसेल तर दोन-तीन चमचे किसलेलं पार्मेझान मिसळावं. दाबल्यावर दाणे सुटे होत असतील तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून हाताने मळावा, उकड मळतो तसा पण हलक्या हाताने.

मधलं चीज १०० ग्रॅम, दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे. ताजं काचोकाव्हाल्लो मिळालं तर तेच. नाहीतर पिझ्झावर घालतात ते घट्ट मोझरेला. पाण्यातला ताजा मोझरेला घ्यायचा तर आदल्या रात्रीच कापून चाळणीवर निथळायला ठेवावा आणि सकाळी टिपून घ्यावा. पनीर नको. ते आंबट घालून फाडलेल्या दुधाचं असतं, कितीही तापवलं तरी वितळत नाही.

वळण्याआधी भाताचे १२ सारखे वाटे काट्यावर करून ठेवावेत, १२०-१२५ ग्रॅमचे. अंदाजाने घेत गेलं तर पहिला लिंबाएवढा आणि शेवटचा मोसंबीएवढा होतो, आणि तळताना दोघांना वेगवेगळा वेळ लागतो. पाण्याने ओलसर केलेल्या डाव्या तळहातावर वाट्याचा तीन चतुर्थांश भात घेऊन खोलगट वाटी करावी. ज्याला उकडीच्या मोदकाची पारी येते त्याला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की मोदकाची पारी पातळ तेवढी चांगली, इथे भिंत सगळीकडून दीड सेंटिमीटर हवी. मधे ३० ग्रॅम सारण, त्यात रुतवून चीजचे दोन-तीन तुकडे. चीज भाताला टेकलं की तिथून गळतं, म्हणून ते सारणाच्या आत. राहिलेल्या भाताची टोपी ठेवून कडा जुळवाव्यात आणि दोन्ही तळव्यांत फिरवत गोळा घट्ट दाबावा, आपण लाडू वळतो त्याहून जास्त जोराने. आत हवेची पोकळी राहिली तर तळताना तीच फुगते आणि गोळा फोडते. बाहेरून सारणाचा एक जरी ठिपका दिसत असेल तर तिथे भाताचं ठिगळ लावावं. तेल तो ठिपका बरोबर शोधून काढतं. हात फार ओले करू नयेत. दर दोन गोळ्यांनंतर तळवे पुसून पुन्हा किंचित ओले करणं पुरतं. वळून झालेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये.

मांस न खाणाऱ्यांनी खट्टू होऊ नये, सिसिलीतही बिनमांसाच्या सारणांची कमी नाही. पालेर्मोचं दुसरं प्रसिद्ध सारण 'आल बुर्रो', म्हणजे लोण्याचं: घट्ट बेशामेल (मैदा-दुधाचा पांढरा सॉस), मोझरेला आणि हॅम. हॅमऐवजी कोरडे परतलेले मशरूम घालून आम्ही ते शाकाहारी करतो. ३० ग्रॅम लोण्यात ३० ग्रॅम मैदा परतून २५० मिली दूध घालायचं आणि श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, मीठ आणि जायफळ घालून गार करायचं. १०० ग्रॅम मोझरेला आणि १०० ग्रॅम मशरूम किंवा हॅम त्यात कालवायचं. पालेर्मोत हे सारण ओळखू यावं म्हणून असा गोळा लांबट करतात, मांसाचा गोल. कातानियात 'नोर्मा' चालतं: वांग्याच्या फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवायच्या, पिळून तळायच्या, आटवलेला टोमॅटो, बेझिल आणि खारवलेला रिकोत्ता, हेही एक चीज, घालायचा. वांगं तेल पितं, म्हणून तळल्यावर कागदावर चांगलं निथळू द्यावं. एत्नाच्या उतारावरच्या ब्रोंते गावचा पिस्ता नामांकित, त्याचंही सारण होतं, पण पिस्त्याचा भाव बघता ते पाहुण्यांसाठीच.

आता कवच. घरगुती कृतींमध्ये सर्रास अंडं फेटून त्यात बुडवायला सांगतात. सिसिलीच्या दुकानांत अंडं नसतं, 'लेगा' असते: मैदा आणि पाण्याचं पातळ पीठ. २०० ग्रॅम मैदा, ३०० मिली गार पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, गुठळ्या न ठेवता. पातळपणा कढीसारखा. चमच्याच्या पाठीवर थर राहिला पाहिजे, पण त्यातून चमच्याचा रंग दिसला पाहिजे. अंड्यापेक्षा लेगा बरी, याची कारणं आम्हाला दोन दिसतात. अंडं तेलात फेस आणतं आणि चुऱ्याच्या आधी तपकिरी होतं. आणि लेगेतला मैदा तेलात शिजून अखंड पातळ कवच बनवतो, बारीक भेगा बुजतात. शाकाहारी घरांना हा आयताच फायदा. पीठ श्रीखंडासारखं दाट झालं तर कवच जाड आणि कच्चट लागतं. ताकासारखं पातळ झालं तर चुरा पकडत नाही.

चुरा साध्या पावाचा, बारीक, पूर्ण कोरडा, ३०० ग्रॅम. लादीपाव दोन दिवस शिळा करून, १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ४० मिनिटं वाळवून, मिक्सरमधून काढून चाळावा. टोस्टचा चुरा वापरू नका. त्यात साखर असते, तीन मिनिटांत काळा होतो आणि आत चीज तसंच थंड. जपानी पद्धतीचा जाड पांको दिसायला छान, पण त्याच्या फटींतून तेल आत शिरतं. एका हाताने गोळा लेगेत बुडवून काढावा, जास्तीचं पीठ निथळू द्यावं आणि कोरड्या हाताने चुऱ्यात घोळवून तळव्यांनी दाबावा. हात वेगळे ठेवले नाहीत तर सहाव्या गोळ्यापर्यंत बोटांनाच आरांचिनी होतात. झाल्यावर जाळीवर अर्धा तास ठेवावेत, चुरा ओल ओढून घट्ट बसतो.

तळायला खोल आणि अरुंद भांडं, १८ सेंटिमीटरचं पातेलं उत्तम. त्यात दीड लिटर सूर्यफूल किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल. आपली पसरट कढई इथे गैरसोयीची. तेवढ्याच तेलात तिच्या कडेला गोळा अर्धाच बुडतो, खालचा भाग तळून घट्ट होतो, वरचा कच्चा राहतो, आणि फुगवटा दोन्हींच्या सीमेवर येऊन गोळा कमरेत फाटतो. अगदी नीट वळलेला गोळाही याने फुटतो.

तेल १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर पावाचा तुकडा टाकून बघावा; मिनिटभरात सोनेरी झाला तर ठीक, २० सेकंदांत झाला तर तेल खूप तापलंय. एका वेळी दोनच गोळे, तीन टाकले तर तेल झपाट्याने उतरतं. कमी तापलेल्या तेलात चुरा सुटून तळाशी जमतो आणि गोळा तेलकट होतो. झाऱ्यावर ठेवून हळूच सोडावा. पहिलं दीड मिनिट हलवायचं नाही, कवच अजून मऊ असतं. नंतर हलकेच फिरवत ठेवायचं. बाहेर ठेवून जरा गारवा कमी झालेले गोळे ५ ते ६ मिनिटांत गडद सोनेरी होतात.

खरी कसोटी गोळ्याच्या मध्याची. आतलं सगळं शिजलेलंच आहे, फक्त चीज वितळेल इतकं गरम व्हायला हवं. पण भात उष्णता सावकाश आत नेतो, आणि फ्रीजमधून थेट तेलात टाकलेला गोळा बाहेरून झाला तरी आत गारच. म्हणून तळण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावेत, त्याहून जास्त वेळ नको. शंका असेल तर लांब सुरी मध्यापर्यंत खुपसून १० सेकंद ठेवावी आणि पातं मनगटाला लावून पाहावं. कोमट लागलं तर राहिलेले गोळे तळून १६० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवावेत. घरी मोठी खेप करताना आम्ही सगळेच असे ओव्हनमधून काढतो. एअर फ्रायरमध्ये करून पाहिलं तर गोळा फुटत नाही हे खरं, पण लेगा शिजूनही पांढुरकी राहते आणि चुरा भुशासारखा लागतो. तेलाचं वावडंच असेल तर चुरा आधी दोन चमचे तेलात परतून तांबूस करून घ्यावा, मग घोळवावा आणि २०० अंशांवर १५ मिनिटं ठेवावा. खाण्यासारखा होतो, पण तो वेगळा पदार्थ.

काढल्यावर जाळीवर ५ मिनिटं. कागदावर ठेवले तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. आणि लगेच चावू नये, मटारांच्या मधलं चीज जिभेला चांगलाच चटका देतं. सिसिलीत सोबत चटणी-सॉस काही घेत नाहीत, कागदात धरून हातानेच खातात. पालेर्मोत १३ डिसेंबरला, सांता लुचिया या संत स्त्रीच्या दिवशी, पाव आणि पास्ता वर्ज्य असतो. १६४६ च्या दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी ते दळायलाही न थांबता तसंच शिजवून खाल्लं, त्याची ही आठवण, असं सांगतात. गव्हाचं पीठ नको म्हणून त्या दिवशी गावभर आरांचिने तळले जातात, दिवसभर, एकामागून एक. कवचात मैदा आणि वर पावाचा चुरा असतो याकडे कोणी फारसं बघत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही फक्त आपलीच रीत नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्याला १२ गोळ्यांची धास्ती वाटत असेल तर आधी रोमचं सुप्ली करून पाहावं. त्यात भात टोमॅटोच्या कालवणातच शिजवतात, वेगळं सारण नाही. गार भाताच्या ७०-८० ग्रॅमच्या लांबट वड्यांत मोझरेल्याची एक पट्टी घालून, अंड्यात आणि चुऱ्यात घोळवून तळायच्या. तोडल्यावर चीजची तार दोन तुकड्यांना जोडून ठेवते, म्हणून जुन्या टेलिफोनच्या वायरीवरून त्याला 'सुप्ली आल तेलेफोनो' म्हणतात. लहान आकारामुळे आत गरम होण्याची काळजी नाही.

जास्तीचे गोळे चुऱ्यात घोळवल्यावर, तळण्याआधी, ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करावेत आणि मग पिशवीत भरावेत. दोन महिने छान राहतात. तळायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावेत. गोठलेला गोळा थेट तेलात टाकला तर बाहेर जळतो आणि आत बर्फ. तळून उरलेले दुसऱ्या दिवशी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये आतलं चीज पुन्हा ताणलं जातं, पण कवच ओल्या पावासारखं होतं. तळलेलं तेल गार झाल्यावर दुहेरी फडक्यातून गाळावं, नाहीतर तळाशी बसलेला चुरा पुढच्या वेळी आधी जळतो आणि त्याचा कडवट वास पुऱ्यांना लागतो.